हवा चाळता येते, पाणी फोडावे लागते

हाड मोडलेल्या माणसाला प्लास्टर घालताना तो हमखास विचारतो की हात आतून गरम का लागतोय. पांढरी पट्टी तर साध्या पाण्यात बुडवून काढलेली असते. तरी काही मिनिटांत ती कोमट होते आणि दगडासारखी आवळते. यंत्रमागावर हात दुखावलेला भिवंडीचा कामगार असो की नाशिक महामार्गावर मोटारसायकलवरून पडलेला तरुण, प्रश्न तोच. त्या उबेमागचे रहस्य पॅरिसमधल्या एका एकवीस वर्षांच्या मुलाने १७६५ साली उलगडून दाखवले. शिक्षणाने तो वकील होता.

पॅरिसभोवतालच्या टेकड्यांत जिप्सम नावाचा मऊ दगड निघतो. तो भाजून पूड केली की प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होते, हे गवंड्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. या मुलाने दगड भाजण्याआधी तोलला, भाजल्यावर तोलला आणि भाजताना निघालेली वाफही गोळा केली. दगडातून निघाले ते पाणी होते. भुकटीत पाणी घातले की तिने गमावलेले पाणी ती पुन्हा ओढून घेते, त्या जोडणीत उष्णता बाहेर पडते आणि स्फटिक एकमेकांत गुंतून भुकटी घट्ट होते. म्हणजे प्लास्टर वाळल्यामुळे घट्ट होत नाही. पूर्ण वाळायला त्याला पुढे एक-दोन दिवस लागतात, आणि म्हणूनच त्या काळात त्यावर भार देऊ नका असे डॉक्टर बजावतात.

ओल्या मातीतले पाणी आणि जिप्सममधले पाणी यांतला फरक इथे प्रथम नीट दिसला. एक नुसते मिसळलेले, दुसरे आत बांधलेले. हा फरक ओळखणाऱ्या मुलाचे नाव आंत्वान लाव्हाझिए. आज सातवी-आठवीच्या पुस्तकात मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण असा जो धडा असतो, त्याचा पाया त्यांनी पुढच्या पंचवीस वर्षांत घातला.

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील, घर सुखवस्तू. आंत्वान पाच वर्षांचा असताना आई गेली. घरच्या परंपरेप्रमाणे त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण ओढ विज्ञानाची होती. भूगर्भाचे अभ्यासक गेतार यांच्याबरोबर ते खडक पाहत हिंडले, रुएल यांची रसायनशास्त्राची व्याख्याने त्यांनी ऐकली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १७६८ मध्ये, ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत निवडून आले. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी पुढे जिवावर बेतली: राजाच्या वतीने कर गोळा करणाऱ्या खासगी मंडळीत त्यांनी भागीदारी विकत घेतली. ती हकीकत पुढे येईल.

त्या काळचे रसायनशास्त्र आपल्याला परके वाटणार नाही. पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही जगाची मूळ द्रव्ये आहेत, असे युरोपातही ग्रीकांपासून मानले जात होते. आपल्या पंचमहाभूतांतले फक्त आकाश त्या यादीत नव्हते. पाणी आणि हवा ही एकेकटी, न फुटणारी द्रव्ये आहेत यावर फारशी कुणाला शंका नव्हती. पंचमहाभूतांना तत्त्वज्ञानात आणि आयुर्वेदाच्या परिभाषेत वेगळा अर्थ आहे. त्याच्याशी इथे भांडण नाही. पण भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला त्या चौकटीने फार दूर नेले नसते.

पाणी आटवत राहिले की भांड्याच्या तळाशी पांढरा गाळ उरतो. यावरून पाण्याची माती होते असे कित्येक विद्वान म्हणत. लाव्हाझिए यांनी पावसाचे पाणी पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध केले, काचेच्या बंद पात्रात भरले आणि तब्बल १०१ दिवस तापवत ठेवले. वाफ वर जाई, थंड होऊन परत खाली येई. शेवटी गाळ दिसलाच. मग त्यांनी पात्र, पाणी आणि गाळ वेगवेगळे तोलले. पाण्याचे वजन होते तेवढेच राहिले होते. पात्र मात्र हलके झाले होते. गाळ काचेचा होता.

या प्रयोगात नवे यंत्र नव्हते, नवे द्रव्य नव्हते. होता तो जमाखर्च. बंद पात्रात जेवढे गेले तेवढे हिशेबात निघालेच पाहिजे, हा आग्रह. कराच्या कचेरीत वह्या तपासणारा माणूस प्रयोगशाळेतही वह्याच तपासत होता, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. त्यांनी आपल्या तराजूंवर पाण्यासारखा पैसा खर्च केला, आणि तो पैसा कराच्या व्यवसायातून येत होता.

१७७१ मध्ये त्यांचे लग्न भागीदार झाक पोल्झ यांच्या मुलीशी झाले. मारी-आन तेव्हा तेरा वर्षांची होती. आजच्या नजरेला हे खटकणारच. पण पुढे तिने जे केले ते विलक्षण आहे. ती इंग्रजी शिकली आणि इंग्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांचे लेखन नवऱ्यासाठी फ्रेंचमध्ये आणू लागली. चित्रकला शिकली आणि प्रयोगाच्या उपकरणांची रेखाटने तिने काढली. प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या. लाव्हाझिए यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. मारी-आन नसती तर इंग्लंडमध्ये हवेवर काय चालले आहे हे त्यांना बरेच उशिरा कळले असते.

आणि हवेवर तर खूप काही चालले होते. लाकूड जळते तेव्हा त्यातून फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य बाहेर पडते, अशी त्या काळची समजूत होती. पण धातू भाजून त्याचे भस्म केले की भस्माचे वजन धातूपेक्षा वाढते. काही बाहेर पडले असेल तर वजन वाढेल कसे? १७७२ मध्ये लाव्हाझिए यांनी गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिले. त्यांचेही वजन वाढले. हवेतले काहीतरी त्यांना चिकटत होते.

काय ते कळले दोन वर्षांनी. ऑक्टोबर १७७४ मध्ये इंग्लंडचे जोसेफ प्रीस्टली पॅरिसला आले असताना लाव्हाझिए यांच्याकडे जेवायला होते. पाऱ्याचे लाल भस्म तापवले तर एक वायू निघतो आणि त्यात मेणबत्ती भडकून जळते, असे त्यांनी जेवताना सांगितले. स्वीडनमधले औषधविक्रेते कार्ल शील यांना हा वायू त्याआधीच मिळाला होता, पण त्यांचे पुस्तक छापून यायला १७७७ उजाडले. लाव्हाझिए यांनी प्रीस्टलींचे ऋण पुरेसे मानले नाही, ही तक्रार तेव्हाही होती आणि ती रास्त आहे. मोठ्या माणसाच्या खात्यातली ही उणी बाजू लपवण्याचे कारण नाही. मात्र वायू हाती येऊनही प्रीस्टली शेवटपर्यंत फ्लॉजिस्टनला धरून राहिले. त्या वायूचा अर्थ लागला तो पॅरिसमध्ये.

तो प्रयोग रसायनशास्त्रातला सर्वांत देखणा प्रयोग म्हणायला हरकत नाही. लाव्हाझिए यांनी पारा ठरावीक मापाच्या बंद हवेत बारा दिवस तापवला. पाऱ्यावर लाल भस्माची साय धरली आणि हवेचा साधारण सहावा हिस्सा कमी झाला. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझे, उंदीर गुदमरे. मग ते लाल भस्म वेगळे काढून जास्त तापवले. जेवढी हवा नाहीशी झाली होती जवळपास तेवढा वायू परत मिळाला, आणि त्यात मेणबत्ती झगझगीत जळली. शेवटी दोन्ही वायू एकत्र केले. पुन्हा साधी हवा तयार. (पारा तापवण्याचा हा उद्योग कुणी घरी करू नये. त्याची वाफ मेंदू आणि मूत्रपिंडे बिघडवते. थर्मामीटर फुटला तरी पारा बोटाने गोळा करू नये.)

या एका प्रयोगात धड्यातले तिन्ही शब्द आहेत. हवा हे मिश्रण. तिच्यातला एक भाग निघून गेला तरी दुसरा आपल्या जागी, आपल्या गुणांसह राहतो, आणि दोन्ही पुन्हा एकत्र केले तर आवाज, ज्वाला, ऊब काहीही न होता हवा परत मिळते. लाल भस्म हे संयुग. त्यात चकाकणारा, वाहणारा पाराही दिसत नाही आणि ज्योत भडकवणारा वायूही दिसत नाही. दोघांचे गुण लोपून तिसरेच काही उभे राहिले आहे, आणि ते मोडायला तीव्र आच द्यावी लागते. पारा आणि तो वायू ही मूलद्रव्ये. कितीही तापवा, त्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत.

त्या वायूला लाव्हाझिए यांनी ऑक्सिजन हे नाव दिले. मराठीत त्याला प्राणवायू म्हणण्याची पद्धत पडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारख्या लेखकांनी हे शास्त्र मराठी वाचकांपर्यंत आणले. गंमत अशी की मराठी नाव मूळ नावापेक्षा खरे आहे. ऑक्सिजनचा ग्रीक अर्थ आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, असे लाव्हाझिए यांना वाटत होते. ती त्यांची चूक होती. आपल्या जठरात रोज तयार होणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा कणही नाही.

हवा मिश्रण आहे ही गोष्ट सरकारी रुग्णालयांच्या आवारात आता डोळ्यांनी पाहता येते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी नातेवाइकांची झालेली धावपळ कुणी विसरलेले नाही. त्या सुमारास अनेक रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी संयंत्रे बसली. त्यांत हवा दाबाने झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांतून सोडतात. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. धान्य चाळावे तसे हे काम आहे. त्यात काही जाळावे लागत नाही, फोडावे लागत नाही. बाहेर येणाऱ्या वायूत साधारण ९३ टक्के ऑक्सिजन असतो आणि उरलेल्यात बराचसा आर्गॉन. हा आर्गॉन १८९४ मध्ये सापडला. लाव्हाझिए हवेच्या ज्या उरलेल्या भागाला एकच वायू समजत होते, तो भागसुद्धा मिश्रणच निघाला!

मग पाण्याचे काय? पाण्यात तर वजनाने जवळपास ८९ टक्के ऑक्सिजन आहे. तरी पाण्यात माणूस बुडतो. हा विरोधाभास सुटला १७८३ मध्ये. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांना दिसले होते की जळणारी हवा, म्हणजे आजचा हायड्रोजन, जाळला की पाण्याचे थेंब जमतात. ही बातमी कळताच लाव्हाझिए यांनी गणितज्ञ लाप्लास यांना बरोबर घेऊन जून १७८३ मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र जाळले आणि पाणी मिळवले. जोडून झाले, आता तोडून दाखवायचे होते. त्यांनी लष्करातले अभियंता मनिए यांच्यासह लोखंडी बंदुकीची नळी लालबुंद तापवली आणि तिच्यातून पाणी सोडले. पाण्यातला ऑक्सिजन लोखंडाने घेतला, नळीच्या दुसऱ्या तोंडातून हायड्रोजन बाहेर पडला. त्या वर्षी फ्रान्समध्ये फुग्यांतून आकाशात जाण्याचे वेड सुरू झाले होते आणि हायड्रोजन हवाच होता.

हजारो वर्षे मूळ द्रव्य मानले गेलेले पाणी असे संयुग ठरले. त्यातला ऑक्सिजन हायड्रोजनला घट्ट जखडलेला आहे. फुप्फुसे तो सोडवू शकत नाहीत. मासे पाण्यात श्वास घेतात तेव्हा तेही पाणी फोडत नाहीत. पाण्यात मिसळलेली, विरघळलेली थोडी हवा ते कल्ल्यांनी वेचतात. म्हणून सांडपाण्याने तो विरघळलेला साठा संपला की पाणी काठोकाठ असूनही मासे मरतात.

संयुगाचे प्रमाण निसर्ग ठरवतो. नऊ ग्रॅम पाणी कुठूनही आणा, त्यात आठ ग्रॅम ऑक्सिजन आणि एक ग्रॅम हायड्रोजनच निघेल. हा नियम लाव्हाझिए यांच्यानंतर प्रूस्ट यांनी पक्का केला. मिश्रणाचे प्रमाण मात्र मिसळणारा ठरवतो, आणि तिथेच घोटाळे होतात. जुलाब झालेल्या मुलासाठी घरी साखर-मीठ-पाणी करताना एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे माप पाळायला सांगतात ते यासाठीच. इथले चमचे चहाचे. मीठ जास्त झाले तर पाणी तक्रार करणार नाही, मूल करेल. भिवंडीतल्या सायझिंगच्या कारखान्यात सुताला कांजी चढवणाऱ्या कामगाराला हे वेगळे सांगायला नको. कांजी पातळ झाली तर मागावर सूत तुटते, जाड झाली तर ताठरते.

दवाखान्यात काम करणाऱ्यांना लाव्हाझिए जवळचे वाटावेत ते आणखी एका कारणाने. श्वास म्हणजे काय, हे त्यांनी मोजले. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या पेटीत एक गिनी पिग ठेवला. दहा तासांत त्याच्या अंगाच्या उबेने किती बर्फ वितळला आणि त्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला, ते त्यांनी पाहिले. मग कोळसा जाळून तेवढाच कार्बन डायऑक्साइड होताना किती बर्फ वितळतो ते पाहिले. आकडे बरेच जवळ आले. श्वसन हे एक मंद ज्वलन आहे, आपण ज्योतीशिवाय जळत असतो, हा निष्कर्ष त्यातून निघाला. हे ज्वलन फुप्फुसांतच होते असे त्यांना वाटले. ते शरीरातल्या प्रत्येक पेशीत चालते हे नंतर कळले.

१७८९-९० मध्ये सहकारी आर्मां सेगॅं यांच्या तोंडावर मुखवटा बसवून त्यांनी माणसाचा ऑक्सिजन मोजला. उपाशीपोटी स्वस्थ बसलेला माणूस जेवढा ऑक्सिजन घेतो त्यापेक्षा थंडीत अधिक, जेवल्यावर त्याहून अधिक, आणि वजन उचलण्याचे काम करताना अडीच पटींहून जास्त. मारी-आनने या प्रयोगाचे चित्र काढले, त्यात टेबलाशी बसून नोंदी लिहिणारी ती स्वतःही आहे. या आकड्यांवरून लाव्हाझिए एका सामाजिक प्रश्नाकडे वळले. हातांनी राबणारा गरीब माणूस शरीराचे इंधन जास्त जाळतो आणि त्याच्या ताटात मात्र कमी पडते. बसून खाणाऱ्या श्रीमंताचे उलट. ही विषमता निसर्गाची नसून समाजाची आहे, आणि ती कमी करता येण्यासारखी आहे, असे त्यांनी शास्त्रीय निबंधातच मांडले. बारा-बारा तास मागावर उभे राहून खाणावळीच्या डब्यावर भागवणाऱ्या भिवंडीच्या कामगाराचे वजन का घटते, याचे उत्तर शोधायला दोनशे तीस वर्षांहून जुना तो निबंध आजही चालेल.

त्यांनी माणसांनी भरलेल्या रुग्णालयातल्या झोपण्याच्या दालनातली आणि नाट्यगृहातली हवा तपासली आणि गर्दीत ती कशी बदलते ते नोंदवले. पॅरिसच्या ओतेल-द्यू या जुन्या रुग्णालयात एकाच खाटेवर अनेक रुग्ण झोपवले जात. त्याची पाहणी करणाऱ्या अकादमीच्या समितीवर ते होते. प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र खाट आणि मोकळी हवा हवी, हा त्या समितीचा आग्रह होता.

दारूगोळ्याचे कामही त्यांच्याकडे होते. बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. जगातला उत्तम सोरा बिहारमधून येई, आणि प्लासीनंतर तो व्यापार इंग्रजांच्या मुठीत गेल्याने फ्रान्सची कोंडी झाली. १७७५ पासून लाव्हाझिए यांनी देशातच सोरा तयार करण्याची आणि शुद्ध करण्याची व्यवस्था सुधारली. १७८८ मध्ये सोऱ्याऐवजी पोटॅशियम क्लोरेट वापरून नवी दारू करण्याचा प्रयोग एसोन इथल्या कारखान्यात झाला. पाहणीला लाव्हाझिए, मारी-आन आणि बर्थोले हजर होते. ते थोडे बाजूला गेले असताना स्फोट झाला आणि दोघांचा जीव गेला. बर्थोले म्हणजे क्लोरीनने कापड पांढरे करण्याची रीत शोधणारे. ब्लीचिंगच्या धंद्याचे ते आद्यपुरुषच. क्लोरेटचे पोते एका कोपऱ्यात शांत पडून असते, कोळशाचे आणि गंधकाचेही. तिन्ही एकत्र मिसळून घासली की काय होते, ते एसोनला दिसले. कोणत्या पिंपाशेजारी कोणते पिंप ठेवू नये, हा नियम रसायने साठवणाऱ्या प्रत्येक गोदामात पाळला गेला पाहिजे. भिवंडीच्या आसपास गोदामे थोडीथोडकी नाहीत.

१७८९ मध्ये लाव्हाझिए यांचे रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक निघाले. त्यात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे. मूलद्रव्य म्हणजे अंतिम सत्य असा दावा त्यांनी केला नाही. आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही साधनाने ज्याचे विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य, एवढीच त्यांची व्याख्या होती. उद्या साधन सुधारले तर यादी बदलेल. ती बदललीही. यादीत त्यांनी प्रकाश आणि उष्णता घातली होती, ती वगळावी लागली. चुना आणि मॅग्नेशिया हीही त्यात होती, पण ही बहुधा ऑक्सिजनची संयुगे असावीत अशी शंका त्यांनीच नोंदवून ठेवली होती. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियातून मॅग्नेशियम वेगळे केले. बाजारात आज साबणापासून गुळापर्यंत सगळ्यावर केमिकल नाही अशी पाटी दिसते. मूलद्रव्य, संयुग की मिश्रण यांपैकी काहीच नसलेली वस्तू कुठल्या दुकानात मिळते, हे विचारायला हवे.

आता त्या भागीदारीची गोष्ट. कर गोळा करणारी ही मंडळी राजाला ठरलेली रक्कम देत आणि जनतेकडून वसुली करीत. मिठावरचा कर, तंबाखूवरचा कर, पॅरिसमध्ये येणाऱ्या मालावरची जकात. मिठावरच्या कराने लोक किती पेटतात हे भारतीयांना सांगायला नको, आणि जकात चुकवण्यासाठी माल कुठे थांबत असे हे भिवंडीकरांना. पॅरिसमध्येही चोरून माल येई. तो रोखण्यासाठी शहराभोवती भिंत बांधावी ही कल्पना लाव्हाझिए यांची होती. १७८० च्या दशकात ती उभी राहिली आणि लोकांच्या डोक्यात तिडीक गेली. पॅरिसची हवा या भिंतीने कोंडली, असा आरोप पुढे क्रांतिकारक पुढारी मारा याने केला. मारा स्वतः डॉक्टर होता, आणि त्याच्या अग्नीवरच्या संशोधनाला अकादमीत लाव्हाझिए यांनी किंमत दिली नव्हती.

राज्यक्रांतीनंतर लाव्हाझिए नव्या वजनमापांच्या, म्हणजे आजच्या मेट्रिक पद्धतीच्या कामात होते. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमीच बरखास्त झाली. नोव्हेंबरमध्ये करमंडळीतल्या भागीदारांना अटक झाली. त्यांच्यावरचा एक आरोप असा होता की तंबाखूत प्रमाणाबाहेर पाणी मिसळून त्यांनी लोकांना फसवले. विक्रेते तंबाखूत राख मिसळतात ती पकडण्यासाठी आम्ल टाकून फेस येतो का पाहण्याची युक्ती लाव्हाझिए यांनीच सांगितली होती! त्यांचे शास्त्रातले काम न्यायालयापुढे उपयोगी पडले नाही. विद्वानांची गरजच नाकारणारे एक वाक्य न्यायाधीशाच्या तोंडी घातले जाते, ते मात्र मागाहून रचलेले असावे, असे इतिहासकार मानतात.

८ मे १७९४ रोजी सकाळी खटला चालला आणि त्याच दिवशी अठ्ठावीस जणांना गिलोटिनवर नेण्यात आले. यादीत लाव्हाझिए यांच्या आधी सासरे पोल्झ यांचे नाव होते. जावयाने ते पाहिले आणि मग त्यांची पाळी आली. ते पन्नास वर्षांचे होते.

मारी-आनने एकाच दिवशी वडील आणि पती गमावले. घर, पुस्तके, उपकरणे सगळे जप्त झाले होते. पुढच्या दोन वर्षांत वारे फिरले आणि तिची मालमत्ता परत मिळाली. पती निर्दोष असताना त्याला शिक्षा झाली, असे सरकारी कागदात लिहून आले. तुरुंगात असताना लाव्हाझिए आपले निबंध एकत्र छापण्याच्या तयारीत होते. ते अर्धवट राहिलेले खंड तिने स्वतः पुरे करवून घेतले आणि विज्ञानाच्या मंडळींना पाठवले. पुढे तिने रमफोर्ड या शास्त्रज्ञाशी लग्न केले, ते टिकले नाही. तिने आधीच्या पतीचे आडनाव सोडले नव्हते. तिने सांभाळलेले तराजू, काचेची पात्रे आणि वायू मोजण्याची यंत्रे आज पॅरिसच्या कला आणि हस्तकौशल्यांच्या संग्रहालयात मांडून ठेवलेली आहेत.